ठिकाण उत्तम, तरी फोटो फसतात : पाळीव कुत्र्याच्या छायाचित्रणासाठी जागा निवडताना

एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा कानावर येते. घरच्या कुत्र्याचे चार चांगले फोटो असावेत म्हणून गावाबाहेरचे एखादे तळे, माळरान किंवा समुद्रकिनारा निवडला जातो, दीड-दोन तास गाडी चालवून तेथे पोहोचले जाते, छायाचित्रकार मनापासून काम करतो, आणि घरी आल्यावर दोन-तीनशे फोटो चाळूनही ‘हा आमचा मोती’ असे म्हणावे असा एकही फोटो सापडत नाही. कान मागे, जीभ बाहेर, नजर भलतीकडे. मग दोष ठिकाणावर ढकलून पुढच्या वेळी त्याहून सुंदर ठिकाण शोधले जाते आणि तेथेही तेच घडते. मी पुण्यात आणि आसपास कुत्र्यामांजरांचे फोटो काढतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण अशा एक-दोन फसलेल्या प्रयत्नांनंतर आलेले असतात, म्हणून या अडचणीचा उलगडा येथे सविस्तर करीत आहे.

चूक बहुधा क्रमाची असते. आपण आधी देखावा निवडतो, मग सोयीची वेळ ठरवतो आणि शेवटी कुत्र्याला तेथे नेऊन उभे करतो. प्रत्यक्षात हा क्रम नेमका उलटा हवा: आधी कुत्र्याला मानवेल अशी जागा, मग त्या जागेवरचा उजेड आणि वेळ, आणि देखावा सर्वांत शेवटी.

आधी फसलेले फोटो नीट पाहा

नवे ठिकाण शोधण्यापूर्वी जुने फोटो संगणकाच्या मोठ्या पडद्यावर उघडून पाहावेत, कारण बिघाड कोठे होता हे त्यांतच दिसते. जीभ लांब, टोकाला रुंद होऊन लोंबत असेल, ओठांचे कोपरे मागे ताणलेले असतील आणि डोळे बारीक झाले असतील, तर कुत्र्याला उकडत होते. तोंड घट्ट मिटलेले, जिभेचे टोक नाकाकडे गेलेले, डोळ्यांचा पांढरा भाग कडेने दिसणारा, शेपटी पोटाखाली, एखादा पुढचा पाय किंचित उचललेला, किंवा झोपेची वेळ नसताना जांभई, अशी चिन्हे असतील तर तो घाबरलेला होता. कुत्रा दमलेला नाही आणि हवाही गार आहे, तरी तो धापा टाकत असेल, तर तेही भीतीचेच लक्षण समजावे. सगळ्या फोटोंत तो एकाच दिशेला पाहत असेल, तर त्या दिशेला काहीतरी होते; ते बहुधा दुसरे कुत्रे असते. चेहरा शांत आहे पण डोळ्यांत चमक नाही, तर प्रश्न उजेडाचा. चेहरा आणि डोळे दोन्ही उत्तम, तरी फोटो गिचमिड वाटतो, तर प्रश्न मागच्या बाजूचा. या पाच बिघाडांवरचे उपाय पाच वेगळे आहेत. लोक मात्र पाचांवरही ‘दुसरे ठिकाण पाहू’ हा एकच उपाय करतात.

भीती आणि गोंधळ

सर्वाधिक फोटो याच कारणाने बिघडतात, म्हणून येथे थोडे थांबतो. माणसाला साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक, सुमारे ४५,००० हर्ट्‌झपर्यंतचा. आपल्याला शांत वाटणारा तलावाचा काठ त्याच्यासाठी शांत असेलच असे नाही. वास तर त्याहून महत्त्वाचा. नव्या जागी उतरलेला कुत्रा पहिली पंधरा-वीस मिनिटे जमिनीवरून नाक उचलत नाही. तो हट्टीपणा नव्हे. येथे कोण येऊन गेले, कोण अजून जवळपास आहे, याची तो चौकशी करीत असतो. ती चौकशी पूर्ण होण्याआधीच ‘इकडे बघ, बस, थांब’ असा भडिमार सुरू झाला, की पुढचा तासभर तो अर्धा आपल्याकडे आणि अर्धा त्या वासांकडे राहतो.

दुसरी बाब भटक्या कुत्र्यांची. आपल्याकडे टेकडी, नदीकाठ, देवळाचा परिसर, धाब्याची मागची बाजू, यांपैकी प्रत्येक जागा कोणत्या तरी टोळीच्या हद्दीत असते. ती टोळी समोर दिसत नसली, तरी तिच्या खुणा झाडाझाडावर असतात आणि आपल्या कुत्र्याला त्या वाचता येतात. म्हणून जागा पाहायला जाताना भर दुपारी जाऊ नये, कारण दुपारी ही कुत्री सावलीत झोपलेली असतात. ज्या वेळी फोटो काढायचे आहेत त्याच वेळी, शक्यतो त्याच वारी जावे. रविवारी सकाळी सात वाजता वेताळ टेकडीवर फिरायला येणाऱ्यांची जी वर्दळ असते, ती मंगळवारी गेलेल्या माणसाला दिसणार नाही.

जागा कुत्र्याला मानवली की नाही हे ओळखण्याची माझी कसोटी साधी आहे: तो खाऊ घेतो का? घरी ज्या पदार्थासाठी तो जीव टाकतो, मग ती उकडलेली कोंबडी असो वा पनीरचा तुकडा, तो पदार्थ त्या जागी नाकासमोर धरून पाहावा. सहज घेतला, चावून खाल्ला आणि आणखी मागितला, तर जागा चालेल. घेतला पण बोटांसकट हिसकावल्यासारखा घेतला, तर तो ताणाखाली आहे; अर्धा तास फिरवून पुन्हा विचारावे. तोंडात घेऊन टाकून दिला किंवा वासही घेतला नाही, तर ती जागा त्या दिवसापुरती बाद समजावी, मग मागे इंद्रधनुष्य उभे राहिले असले तरी. हा निर्णय मालकांना जड जातो, कारण पेट्रोल जाळलेले असते आणि रजा टाकलेली असते. परंतु खाऊ नाकारणाऱ्या कुत्र्याचा चांगला फोटो मी आजवर काढू शकलेलो नाही.

जागा नवीच हवी असेल, तर ठरलेल्या दिवसाच्या आधी किमान एकदा, शक्य असल्यास दोनदा, कॅमेरा न नेता कुत्र्याला तेथे केवळ फिरवून आणावे. दुसऱ्या भेटीत त्याचे हुंगणे निम्म्याने कमी झालेले दिसते. प्रत्यक्ष दिवशी अर्धा तास आधी पोहोचावे आणि पहिला फोटो तो आपणहून बसल्यावर किंवा आळस देऊन अंग सैल केल्यावरच काढावा. अनोळखी जागी पट्टा सोडू नये. पाच-सहा मीटरचा हलका, लांब दोर बांधावा. नंतर फोटोतून तो पुसता येतो. पुसण्याचे काम सोपे व्हावे म्हणून तो कुत्र्याच्या अंगावरून आडवा जाऊ न देता मागे किंवा वरच्या बाजूला धरावा आणि मागची बाजू एकसारखी, म्हणजे गवत, वाळू किंवा मोकळे आकाश अशी असावी.

भाड्याने मिळणारे स्टुडिओ हा या अडचणीवरचा रामबाण उपाय असल्याचे काही जण सांगतात. मला तसे वाटत नाही. तेथे आधी येऊन गेलेल्या प्राण्यांचे वास असतात, दिव्यांचा लखलखाट असतो आणि पायाखाली गुळगुळीत फरशी किंवा कागद असतो. पाय घसरू लागला की कुत्रा चारही पाय फाकवून उभा राहतो आणि मान आखडतो. जाड रबरी चटई अंथरून हा दोष बराच कमी होतो, पण लाजाळू कुत्र्यासाठी मी स्टुडिओ सुचवत नाही.

पायाखालची जमीन

कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांतून; अंगातली उष्णता तो धापा टाकूनच बाहेर फेकतो. त्याचे नेहमीचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते आणि ४१ च्या घरात पोहोचले की जिवावर बेतू शकते. पग, बुलडॉग, शित्झू अशा चपट्या नाकाच्या जातींत तर धापा टाकण्याची सोयच अपुरी असते. त्यामुळे मार्च ते मे या काळात सकाळी साडेआठनंतर उघड्या जागी या जातींचे फोटो काढायला मी तयार होत नाही. डांबर, घाटाच्या दगडी पायऱ्या, फरसबंद अंगण आणि कोरडी वाळू हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतात आणि ऊन उतरल्यावरही बराच वेळ तशीच राहतात. हाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवता आली नाही, तर कुत्र्याला तेथे उभे करू नये. सायंकाळी साडेपाचला हवा सुखद झालेली असते आणि पायऱ्या तापलेल्याच असतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ‘आमचा एका जागी उभाच राहत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा या पायऱ्यांत असते.

दख्खनच्या टेकड्यांवर दिवाळीनंतर आणखी एक त्रास सुरू होतो, तो कुसळांचा. वाळलेल्या सोनेरी गवतात बसलेला कुत्रा फोटोत विलक्षण सुंदर दिसतो, यात शंका नाही. पण कुसळी गवताचे बी टोकदार असते आणि त्याची पिळलेली शेपटी ओल लागताच उलगडत ते बी आत आत रुतवत नेते. बोटांच्या फटीत, कानात, काखेत शिरलेले कुसळ दोन-चार दिवसांनी गळू होऊन समोर येते. असे गवत मागे ठेवावे आणि कुत्र्याला पायवाटेवर बसवावे; फोटोत तो गवतातच बसल्यासारखा दिसतो. लांब केसांच्या कुत्र्याला घरी आणल्यावर बोटांच्या फटी आणि कान उजेडात तपासावेत. उंच हिरव्या गवतात गोचिडांचा प्रश्न असतो आणि गोचीडतापाचा खर्च फोटोंच्या खर्चाहून मोठा होतो. पावसाळ्यात साचलेल्या डबक्यांत उंदरांच्या मुत्रामुळे लेप्टोचे जंतू असू शकतात. त्यामुळे डबक्यात उड्या मारतानाचा तो लोकप्रिय फोटो ज्याचे लसीकरण अपुरे आहे अशा कुत्र्याकडून घेऊ नये. बागेतल्या फुलांच्या वाफ्यात बसवायचे असेल, तर ती फुले कण्हेरीची नाहीत ना, एवढे पाहावे. कण्हेरीचे पानसुद्धा विषारी असते.

उजेडाची दिशा

पाश्चात्त्य लेखांत सूर्यास्तापूर्वीच्या ‘सोनेरी तासा’चे गुणगान असते. ते वाचून येणाऱ्यांना मी प्रथम सांगतो, की आपल्या अक्षांशावर हा तास तासभर टिकत नाही. लंडन-पॅरिसकडे सूर्य तिरकस उतरतो; पुण्या-मुंबईत तो बराच सरळ खाली जातो, त्यामुळे तो मऊ, पिवळा उजेड जेमतेम अर्धा ते पाऊण तास मिळतो. त्यातच पश्चिमेला टेकडी किंवा उंच इमारत असेल, तर पंचांगातला सूर्यास्त काही वेळ दूर असतानाच आपल्या जागेवरचा सूर्य मावळून जातो. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. टेकडीच्या पूर्व उतारावर साडेपाचला पोहोचलेल्या माणसाच्या हाती फक्त सावली लागते. तोच पूर्व उतार सकाळी उत्तम असतो. तेव्हा जागा ठरवताना होकायंत्र पाहावे. ते बहुतेक स्मार्टफोनमध्ये असते.

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यांविषयी हीच चूक सर्वांत अधिक होते. आपला समुद्र पश्चिमेला आहे. सायंकाळी समुद्र मागे घेऊन कुत्र्याला उभे केले, की सूर्य त्याच्या पाठीशी येतो आणि चेहरा काळवंडतो. लांब केसांच्या गोल्डन रिट्रीव्हरच्या अंगाभोवती तेव्हा सोन्याची किनार उमटते, तो फोटो जरूर घ्यावा. परंतु काळ्या लॅब्राडोरचा तेथे केवळ डोळे नसलेला ठिपका होतो. समुद्रही हवा आणि चेहराही उजळ हवा, तर सकाळी जावे. सूर्य मागच्या माडांच्या वर आला की उजेड थेट कुत्र्याच्या तोंडावर पडतो, पाणी निळे दिसते, वाळू गार असते आणि गर्दी नसते. त्या सकाळी ओहोटी असेल तर फारच चांगले, कारण ओली, घट्ट वाळू खालून उजेड परतवते आणि हनुवटीखालची सावली भरून निघते. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे मागच्या रविवारच्या आठवणीवर विसंबू नये. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात अरुंद किनारा पुरता पाण्याखाली जाऊ शकतो.

काळ्या कुत्र्यासाठी ऊन टाळून मोकळी सावली शोधावी. मोकळी सावली म्हणजे वर आडोसा असलेली, पण समोर भरपूर आकाश दिसणारी जागा: व्हरांड्याची कड, वडाच्या सावलीची सीमा, भिंतीची सावली. कुत्र्याचे तोंड त्या आकाशाकडे वळवले की डोळ्यांत चमक येते. मागे मात्र काळोखी झाडी नको. वाळलेले गवत किंवा फिकी भिंत हवी, नाहीतर कान कोठे संपले आणि झाडी कोठे सुरू झाली हे कळत नाही. पांढऱ्या स्पिट्झचे दुखणे वेगळे. दाट झाडांखाली, हिरवळीवर त्याच्या अंगावर हिरवट झाक चढते आणि कोकणातल्या जांभ्याच्या अंगणात तांबूस. दुरुस्ती करता येते, पण पोटाखालचा रंग वेगळा आणि पाठीचा वेगळा झाला की ती दुरुस्ती रडकुंडीला आणते.

जागा उभ्याने पाहू नका

आपण जागा पाहतो ती पाच-साडेपाच फुटांवरून. कुत्र्याचा चांगला फोटो निघतो तो त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून, म्हणजे जमिनीपासून दीड-दोन फुटांवरून, आणि बुटक्या डॅशहुंडसाठी तर पालथे पडून. त्या उंचीवर सगळे चित्र बदलते. उभ्याने दिसलेले निळे तळे खाली बसताच गवताच्या पात्यांमागे नाहीसे होते आणि मघाशी न दिसलेले विजेचे खांब, उभ्या गाड्या, कचऱ्याचा डबा कुत्र्याच्या कानांमधून उगवतात. म्हणून जागा पाहायला जाताना मळले तरी चालतील असे कपडे घालावेत, जमिनीवर बसावे आणि फोन गुडघ्याच्या उंचीला धरून चारही दिशांना फोटो घ्यावेत. दहा मिनिटांच्या या कामाने निम्मी ठिकाणे बाद होतात.

कुत्रा आणि मागची झाडी यांत जितके अंतर, तितकी ती झाडी धूसर होते. दहा-पंधरा मीटर मिळाले तर साधी बाभळीची रांगसुद्धा देखणी दिसते. भिंतीला किंवा झुडपाला टेकवून बसवलेला कुत्रा कितीही महागड्या भिंगातून पाहिला तरी त्या झुडपात अडकल्यासारखाच दिसतो. जागा किंचित चढाची असेल, तर कुत्रा वर आणि छायाचित्रकार खाली असावा. मागे आकाश येते आणि गावाचा पसारा लपतो.

रंगाचाही विचार करावा, पण दोघांच्या डोळ्यांनी. तांबूस-पिवळा गावठी कुत्रा किंवा पशमी हाउंड मे महिन्याच्या माळावर मिसळून जातो आणि तोच श्रावणातल्या हिरव्या उतारावर उठून दिसतो. कुत्र्याला मात्र लाल आणि हिरवा यांत फारसा फरक कळत नाही. त्याचे जग मुख्यतः निळ्या-पिवळ्याचे. हिरवळीवर त्याचे लक्ष वेधण्यासाठी टाकलेला लाल चेंडू आपल्याला ठळक दिसतो आणि त्याला नाकाने शोधावा लागतो, की फोटोत पुन्हा मान खाली. निळा चेंडू न्यावा.

परवानगी

अनेक महापालिका उद्यानांच्या दारातच पाळीव प्राण्यांना मनाई असल्याचा फलक असतो आणि कॅमेरा मोठा दिसला की रखवालदार वेगळीच विचारणा करतो. एका उद्यानात आम्हाला तिकीट काढून आत सोडल्यानंतर पंधरा मिनिटांनी बाहेर काढले होते. तेव्हापासून मी आदल्या दिवशी जाऊन विचारतो. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत बाहेरून प्राणी आणण्यास १९५९ च्या नियमांनीच मनाई आहे, तेव्हा शनिवारवाड्याच्या आतल्या फोटोचा बेत सोडून द्यावा. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान हे विषयच काढू नयेत. नियम बाजूला ठेवला तरी त्यामागचे कारण गंभीर आहे: कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर हा रोग वन्य मांसभक्षकांनाही जडतो, आणि २०१८ मध्ये गीरमध्ये सिंह दगावले तेव्हा त्यांच्यात याच रोगाचे विषाणू सापडले होते. जुन्नरसारख्या बिबट्याच्या पट्ट्यात उसाच्या कडेला, संध्याकाळी, कुत्रा घेऊन थांबणे हे धाडस नव्हे, निष्काळजीपणा आहे. वेळास, आंजर्ले, मोरजी, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि कुत्री ती घरटी उकरतात. त्या दिवसांत दुसरा किनारा निवडावा.

काहीच जमत नसेल तेव्हा

मांजराचा प्रश्न मी एका वाक्यात सोडवतो: मांजराला कोठेही नेऊ नये, त्याचे घर हेच त्याचे ठिकाण आणि उत्तरेकडची खिडकी हा त्याचा स्टुडिओ. म्हाताऱ्या, सांधे दुखणाऱ्या, नुकत्याच दत्तक घेतलेल्या किंवा पावसाळ्यात बाहेर नेता न येणाऱ्या कुत्र्यांनाही मी हाच नियम थोडा सैल करून लावतो आणि घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत जागा शोधतो. मालकांचा चेहरा पडतो, कारण त्यांना सोसायटीत काही दिसत नाही. बहुतेक वेळा दोन जागा मिळतात. एक गच्ची: सकाळी लवकर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, मागे फक्त आकाश, कठडा पुरेसा उंच आहे आणि दोर पक्का धरला आहे, एवढी खात्री करून. दुसरी इमारतीखालच्या पार्किंगची बाहेरची कड. वर स्लॅब आणि एका बाजूने मोकळे आकाश असल्यामुळे तेथे भल्या मोठ्या खिडकीसारखा एकतर्फी, मऊ उजेड येतो आणि भर पावसातही तो मिळतो. कुत्र्याला कडेपासून दोनेक फूट आत, तोंड बाहेर करून बसवावे. मागचे दोन-तीन रकाने रिकामे असले की आतला काळोख आपोआप गडद पडद्याचे काम करतो. हलक्या रंगाच्या कुत्र्याला तो फार शोभतो; काळ्यासाठी त्याला आडवे वळवून बाजूची भिंत मागे घ्यावी. शेजाऱ्यांना आदल्या रात्री सांगून गाड्या हलवून घ्याव्यात, सेक्रेटरींना कळवावे आणि फरशी गुळगुळीत असेल तर घरातली त्याची रोजची सतरंजी खाली आणावी. तिला त्याचाच वास असतो, त्यामुळे ‘बस’ म्हणण्याची गरजही बहुधा पडत नाही.